चटणी जेवणात धरत नाहीत

डॉक्टरांनी माझ्या बायकोचे सगळे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि माझ्या पोटाकडे बघितलं. इतका वेळ मी ते आत ओढून, श्वास धरून बसलो होतो.

"रक्तगट जुळतो," ते म्हणाले. "बाकीच्या बऱ्याच तपासण्याही ठीक आहेत. पण मी तुम्हाला असं टेबलावर घेणार नाही."

माझी एक किडनी बायकोला देता येईल का, हे विचारायला आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो होतो. तिच्या दोन्ही किडन्या वर्षभरापूर्वी निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डाव्या हाताच्या शिरा त्यासाठी आतल्या आत जोडून घेतलेल्या. तिथं बोट ठेवलं की आत रक्त घरघरत वाहताना जाणवतं. त्या हातानं बादली उचलायची नाही, त्यात घट्ट बांगडी घालायची नाही. पाणी घोट घोट, भाजी चिरून पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, मीठ नावापुरतं, शेंगदाण्याला तर हातच लावायचा नाही. हे सगळं बघून मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शाळेत रजेचंही बोलून ठेवलं होतं. देणारा तयार आहे म्हटल्यावर डॉक्टर तारीख देतील आणि आपण मोकळे, असा माझा हिशेब होता.

"पण मला तर काहीच होत नाही," मी म्हणालो. "ना बीपी, ना काही."

"होईल," ते शांतपणे म्हणाले. "यकृतावर चरबी आहे, साखर काठावर आलीय. तुमची एक किडनी काढून घेतली तर उरलेल्या एकीला जन्मभर एकटीनं काम करायचंय. तिच्यावर हे एवढं ओझं ठेवून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. पोट उतरवून या, मग बघू."

मी चिडलो. मी भूगोल शिकवतो. इतकी वर्षं सह्याद्री चढलो-उतरलो तो फळ्यावरच, हे खरं, पण मी काही अगदीच ढब्बू नाही. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्यापेक्षा जाड माणसं आहेत आणि ती मजेत भजी खात असतात. कुणीतरी स्वतःहून किडनी द्यायला आलंय आणि हे पोटाच्या गोष्टी करतायत, असं मला झालं. परतताना रिक्षात मी सगळी वाट बडबडत होतो. बायको बाहेर बघत बसली होती आणि तिचा चेहरा खूप दिवसांनी सैल झालेला दिसत होता. मला वाटलं, डॉक्टरांनी दार अगदीच बंद केलं नाही म्हणून तिला धीर आला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर गेलो. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीजवळ एक मोकळं मैदान आहे, सकाळी तिथं निम्मी कॉलनी गोल फिरत असते. तिथं मला दोन सोबती मिळाले. एक अण्णा. तेलुगू बोलणारं, विणकराचं घराणं. शहराच्या पूर्व भागात यांचे चादरी विणायचे लूम होते. धंदा बसल्यावर लूम मोडीत काढून ते इकडे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दुसरे भाई. यांचं ट्रान्सपोर्टचं काम, हायवेला गोदाम. घर गावात, पण गोदामाकडे जाता जाता स्कूटर मैदानाशी लावून चार फेऱ्या मारून जायचे. भाई आडवेतिडवे, दणकट. अण्णा हातापायांनी काटकुळे, फक्त सदऱ्याखाली पोट तेवढं पुढं आलेलं.

पहिल्या आठवड्यातच आम्ही एकमेकांच्या पोटांची चौकशी करून मोकळे झालो. आपापल्या पोटाचं कारण प्रत्येकाकडे तयार होतं आणि ते कारण म्हणजे आपापली जात-जमात. "हमारे में हड्डीच भारी रहती, सर," भाई म्हणायचे. "काटा क्या बताता? हड्डी बताता." अण्णा म्हणायचे, "आमच्यात भात. सकाळी भात, रात्री भात. पण मी काय जाड हाय का? पँट बगा, पोराची बसते मला." मीही मागे नव्हतो. आमचं शेतकऱ्याचं घर, आमची अंगं कष्टाची, त्यामुळे रुंद दिसतात, असं मी ठोकून द्यायचो. शेतात माझे वडील राबले. मी त्यांचं खाणं तेवढं तसंच चालू ठेवलं होतं आणि राबायचं सोडून खुर्चीवर बसलो होतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एका रविवारी मैदानावर तपासणी शिबिर भरलं. मांडव, दोन टेबलं आणि वजनकाट्यासारखं एक यंत्र. त्यावर अनवाणी उभं राहून दोन्ही हातांत दांडे धरले की अंगात चरबी किती आणि स्नायू किती हे ते सांगतं म्हणे. आम्ही तिघं चपला-बूट काढून रांगेत उभे राहिलो. आपल्यात सगळ्यांत वाईट भाईंचंच निघणार, याबद्दल माझी आणि अण्णांची खात्री होती. नजरेनंच आम्ही तसं ठरवलं होतं.

झालं उलटंच. वजन भाईंचं सगळ्यांत जास्त भरलं, पण त्यातला बराच वाटा स्नायूंचा होता. जन्मभर ट्रकचे टायर उचलले होते त्या माणसानं, आजही हमाल आला नाही की स्वतः पोती ओढतो. वजन सगळ्यांत कमी ते अण्णांचं, पण चरबीचा वाटा भाईंपेक्षा जास्त. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

"यंत्र ठीक आहे," शिबिरातले डॉक्टर हसून म्हणाले. "हात-पाय बारीक आणि चरबी सगळी पोटात, आतड्यांच्या भोवती. आपल्या लोकांत हे फार दिसतं. बाहेरून माणूस बारीक वाटतो आणि आत साठा असतो. तुम्ही काम काय करायचा?"

"लूम. उभ्यानं जन्म गेला."

"आणि आता?"

अण्णा आपल्या चपला शोधायला लागले. आता ते टीव्हीसमोर बसायचे.

माझा आकडा बघून डॉक्टरांनी मला दोन तक्ते दाखवले. एक बाहेरचा, गोऱ्या लोकांना मोजून केलेला. त्यात मी नुसता 'थोडा जास्त' होतो. दुसऱ्यात आपल्याकडच्या लोकांसाठी रेघ बरीच अलीकडे ओढली होती, त्यात मी सरळ लठ्ठ. "म्हणजे मी लंडनला गेलो की बारीक होतो?" मी विचारलं. चिडलो की मला असले विनोद सुचतात.

"लंडनलाही अंग हेच नेणार ना?" ते म्हणाले. "तिथंही तुम्हाला हीच रेघ लावतील. कुणाच्या अंगात चरबी लवकर साठते, कुणाच्या पोटात, कुणाच्या मांड्यांवर. घराण्याघराण्यात थोडा फरक असतो. पण चालायचं तिघांनाही आहे."

तेव्हा मी, मागे कोण उभं आहे याचा विचार न करता, विचारून बसलो, "किती उतरलं म्हणजे बायकोला किडनी देता येते?"

दोघंही माझ्या मागेच उभे होते. मांडवातून बाहेर पडताच भाईंनी माझा दंड धरला. "भाभी के वास्ते चल रहे, और मेरेकू बोले नहीं?" त्यांचा आवाज चढला होता. अण्णा म्हणाले, "मग असं रमतगमत काय चालताय सर? उद्यापासनं जोरात." त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. मला पाच मिनिटं उशीर झाला तर भाईंचा फोन यायचा. दम लागला तरी अण्णा पुढं चालत राहायचे आणि मागं वळून बोलवायचे. माझ्या घरच्या दुखण्यात परक्या दोन माणसांनी हात दिला, हे माझ्या मनाला फार भिडलं. मी तसं त्यांना कधी बोललो नाही.

खाण्याचं मी स्वतःच बघायचं ठरवलं. चहातली साखर गेली. शाळेसमोरची भजी गेली. स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस असला की मी जिलेबीकडे पाठ करून पेपर तपासायचो. चपाती सोडून कडक भाकरी धरली. आमच्याकडची ही कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी. तेल नाही, तूप नाही. सोबत एक पालेभाजी आणि चटणी. याहून साधं जेवण कुठलं? मला माझाच अभिमान वाटायला लागला. मैदानावर मी भाईंना आहारावर व्याख्यानं द्यायला लागलो.

चटणी अर्थातच शेंगदाण्याची. आमच्या घरची चटणी मिक्सरची नसते. लोखंडी खलबत्त्यात दाणे, लसूण, तिखट घालून बायको ती कुटते, इतकी की दाण्यांचं स्वतःचंच तेल सुटून चटणी लालभडक होते आणि हाताला चिकटते. स्टाफरूममध्ये तिचं नाव होतं. शेजारच्या खुर्चीवर मराठी शिकवणाऱ्या बाई बसतात. माझा डबा उघडला की आधी त्यांची भाकरी पुढं यायची, "सर, वहिनींची चटणी?" डब्यात चटणीची एक छोटी वेगळी डबी असायची, फिरकीच्या झाकणाची. मी चालायला लागल्यापासून ती डबी गच्च भरलेली यायला लागली. बरणीही पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होऊ लागली. "चालून भूक लागत आसंल, खावा की," बायको म्हणायची. स्वतःला तर तिला चाखताही येत नव्हती. कुटून झालं की चिमूटभर माझ्यापुढं धरायची, "मीठ बघा." मी चाखायचो आणि बरोबर आहे म्हणायचो. जिला दाणा वर्ज्य आहे ती बाई आपल्यासाठी एवढा खटाटोप करते, याचं मला कौतुक वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

सुरुवातीला पट्टा एक भोक आत गेला. मग तो तिथंच थांबला. चालणं वाढलं, दम लागेनासा झाला, अण्णांच्या बरोबरीनं मी बोलत बोलत चालू लागलो, पण पोट जागचं हलेना. काही महिन्यांनी पुन्हा त्याच डॉक्टरांपुढं गेलो. त्यांनी नवे रिपोर्ट बघितले आणि मान हलवली. "चालताय ते दिसतंय. छाती सुधारलीय. पण यकृत तसंच आहे, पोट तसंच आहे. जेवणाचं काय करताय?"

"भाकरी आणि पाला," मी म्हणालो. रडकुंडीला आलो होतो. त्यांनी मला खालच्या मजल्यावरच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जायला सांगितलं, पण त्या दिवशी बाई नव्हत्या; त्यांचा फोनवर निरोप आला की एका दिवसाचा डबा जसाच्या तसा घेऊन या.

त्याच संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. ती तिकडे फार्मसी शिकते, एकुलती एक. आईला द्या असं न म्हणता तिनं मला गॅलरीत जायला सांगितलं. "बाबा, तुमचं नाही जमलं तर मी आहे. मी इथं एका डॉक्टरांना विचारून ठेवलंय. आईला आत्ताच सांगू नका." मी तिला रागावलो, अभ्यास कर म्हणालो, फोन ठेवला. नंतर बराच वेळ गॅलरीतच उभा राहिलो. घरात गेलो असतो तर बायकोला चेहऱ्यावरून कळलं असतं.

आहारतज्ज्ञ बाई विदर्भाकडच्या होत्या, सोलापुरात नव्यानंच आलेल्या. त्यांनी आधी मला तोंडी विचारलं. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय. मी सगळं सांगितलं. भाकरी, मेथी, आमटी, ताक. त्या लिहून घेत होत्या आणि कपाळाला आठ्या घालत होत्या, कारण एवढ्यावर कुणाचं पोट वाढत नाही. मग मी डबा उघडला. त्यांनी भाकरी मोडून बघितली, भाजी हुंगली आणि छोट्या डबीचं झाकण फिरवलं.

"हे काय, सर?"

"चटणी."

"ही तर तुम्ही सांगितलीच नाही."

"चटणी कोण सांगतं?" मी म्हणालो. मला खरोखरच त्यांचा प्रश्न कळला नव्हता. सोलापूरच्या माणसाला काय जेवलात विचारा, तो भाकरी सांगेल, भाजी सांगेल, कढी सांगेल. चटणी जेवणात धरत नाहीत. ती असतेच.

त्यांनी चमच्यानं चटणी डबीच्या कडेला दाबली. बाजूला तेलाचं तळं साचलं. "डबी रोज संपते?"

"संपते. घरी वेगळी."

"इतके शेंगदाणे खाऊन राहिले तुम्ही, आणि वरून म्हणता पाला खातो!" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेर बसलेले लोक डोकावले. मीही हसलो. एवढे महिने मैदान तुडवून मी जे जाळत होतो ते मधल्या सुट्टीत डबीतून परत भरून घेत होतो.

घरी येऊन मी बायकोला हा सगळा प्रकार नकलेसकट सांगितला. ती बेसिनपाशी तिच्यासाठी चिरलेली भाजी पाण्यात टाकत होती. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. "चटणीनं कुटं काय हुतंय," एवढंच म्हणाली. "तुमच्या आईनं जलमभर खाल्ली की."

"ती जन्मभर शेतात होती. आता करू नको. निदान माझं पोट उतरेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी डबीत चटणी होती, जरा कमी. ती मी मराठीच्या बाईंना देऊन टाकली. त्याच्या पुढच्या दिवशी चटणी होतीच, आणि वांग्याच्या भाजीत दाण्याचं कूट इतकं होतं की वांगं शोधावं लागलं. आमटीला कूट, कोशिंबिरीला कूट, पालकाला फोडणी अशी की वर तवंग. मी दोनदा सांगितलं, ती व्हय म्हणाली आणि पुन्हा तेच. हाताची सवय, लगेच कशी जाईल, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग तो रविवार आला. अण्णांचा गुडघा धरला म्हणून आम्ही दोन फेऱ्यांतच परतलो. जिन्यातच मला खलबत्त्याचा आवाज ऐकू आला. चार ठोके, मग थांबणं. पुन्हा तीन ठोके, थांबणं. दार लोटलेलं होतं. बायको स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, डावा हात मांडीवर जपून ठेवलेला आणि उजव्या हातात बत्ता. आदल्या दिवशी डायलिसिस झालं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला केससुद्धा विंचरवत नाहीत. ती धापा टाकत होती, कपाळावरून घाम निथळत होता, आणि ती कुटत होती.

मला बघून दचकली. मग सवयीनं चिमूट उचलून माझ्यापुढं धरली. "मीठ बघा."

माझा तोल गेला. "तुला सांगून कळत न्हाय का? मी रोज पाय तोडत चालतोय ते कुणासाठी?"

तिनं चिमूट परत खलात टाकली. "मला न्हाय पायजे," ती म्हणाली.

"काय न्हाय पायजे?"

"तुमची किडनी."

ती खलबत्त्याकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही. "त्या दिवशी डॉक्टर न्हाय म्हणाले, मला लई बरं वाटलं. मी अशी झालेच हाय. आता तुमालाबी कापायचं? एका घरातली दोन माणसं एकाच दिवशी आत नेली, तर पोरीनं कुटल्या दाराशी बसायचं? तिला एक तर धड माणूस राहू द्या की. मिळंल मला कुणाची तर. न्हाय मिळाली तर न्हाय."

"म्हणजे तू मुद्दाम करत हुतीस?"

"व्हय." आता तिनं वर बघितलं. "उपाशी तर ठेवलं न्हाय ना तुमाला? आवडीचंच घातलं की खायला."

मी बूट न काढताच तिच्यासमोर फरशीवर बसलो. मला भयंकर राग आला होता. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की आजवर कुणी मला इतका जीव लावलेला नाही. उभं राहायची ताकद नसताना ही बाई माझं पोट राखायला बसली होती. मला रडू आलं. तिच्यासमोर मी वडील गेले तेव्हाच रडलो होतो.

"ऐक," मी म्हणालो. "डॉक्टर पोट उतरवा म्हणतात ते तुझ्यासाठी न्हाय. माझ्यासाठी म्हणतात. यकृतात चरबी झालीय माझ्या, साखर दारात येऊन उभी हाय. किडनी दिली न्हाय तरी हे हायच. तू मला जाड ठेवून वाचवत न्हाईस."

तिनं बत्ता पुन्हा हातात घेतला.

जे सांगायचं नाही असं कबूल केलं होतं, तेही मग मी सांगून टाकलं. "आणि मी नापास झालो तर कोण उभं राहणार हाय, ठाऊक हाय का? तुझी पोरगी. डॉक्टरला विचारून बसलीय ती. आईला सांगू नका म्हणाली."

तिचा बत्त्यावरचा हात सुटला. बत्ता खलाच्या काठावर आपटून फरशीवर घरंगळत गेला. "तिचं अजून सगळंच व्हायचंय की," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं मला विचारलं, "तुमाला काय हुणार न्हाय, असं सांगता?"

"मी मास्तर हाय," मी म्हणालो. "तसं मला सांगता येत न्हाय. एका किडनीवर माणूस नीट जगतो म्हणतात, पण आधी अंग नीट पायजे. म्हणून तर चालतोय."

ती भिंतीला धरून उठली, कुटलेली चटणी बरणीत भरली, झाकण लावलं आणि खलबत्ता धुऊन पालथा घातला. दिवसभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. संध्याकाळी मुलीला फोन लावला, पण तिला त्यातलं काही विचारलं नाही. जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढंच. हो की नाही, हे तिनं मला सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

यानंतरचं थोडक्यात सांगतो. मी हे लिहितोय तेव्हा पट्ट्याला चांभाराकडून नवी भोकं पाडून घेतली आहेत. डॉक्टरांनी माझ्या राहिलेल्या तपासण्या पुन्हा सुरू केल्या आहेत. ऑपरेशन अजून व्हायचंय, आणि मला त्याची भीती वाटते. दवाखान्यात डबा कुणी आणायचा यावरून अण्णा आणि भाई आत्तापासूनच भांडतायत. पण मला सांगायचं होतं ते त्या रविवारनंतरच्या सोमवारचं.

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा उघडला. भाकरी होती. मेथीची भाजी होती, हिरवीगार, तवंग नसलेली. आणि बाजूला ती फिरकीच्या झाकणाची छोटी डबी. मी मनातून खचलो. ठरलं तर मग, हिचं नाहीच, असं म्हणत मी झाकण फिरवलं.

डबी रिकामी होती. घासून, पुसून, कोरडी करून ठेवलेली. विसरली असती तर डबी आलीच नसती.

शेजारून बाईंची भाकरी नेहमीसारखी पुढं आली आणि हवेतच थांबली. "सर, आज चटणी नाही?" त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. "ती हो म्हणाली."

"कशाला?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि कोरडाच तोंडात टाकला.